डी ड्राइव्हमधलं गाव

बाई सकाळी आल्या की आधी ग्लासभर पाणी कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवायच्या आणि त्याच्याकडे बघत उभ्या राहायच्या. आतल्या पंख्यामुळं पाणी बारीक थरथरायचं. "हे यंत्राचं हलणं हाय," असं स्वतःलाच सांगून मग खुर्चीत बसायच्या. यंत्रावर पाणी ठेवू नये म्हणून मी कितीदा सांगितलं. "हाव भाऊ," म्हणायच्या आणि ग्लास तिथंच. भूकंपातून निघालेल्या माणसाला आपण काय शिकवणार? मी नाद सोडला.

लातूरच्या आमच्या क्लासमध्ये बाई प्रश्नपत्रिका टाइप करायच्या आणि मी ऑफिस बघायचो. ते दिवस आठवले की अजून गुंगी येते. देगलूर-बिलोलीपासूनची पोरं यायची. गल्लीगल्लीतून पाठांतराची गुणगुण, जणू सगळं शहर झोपेत सूत्रं पुटपुटतंय. तुमच्यापैकी कुणी तेव्हा लातुरात राहिलं असेल तर ती गुणगुण तुमच्याही कानात असेल.

जेवणाच्या सुट्टीत बाई माउसनं चित्र काढायच्या. भूकंपात गेलेल्या त्यांच्या गावाचं. एक चौकोन म्हणजे एक घर, आत घरवाल्याचं नाव. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात सगळी घरं एका रांगेत, एका तोंडवळ्याची. जुन्या गावात आपला शेजार कुणाचा होता, हे नव्या गावात जन्मलेल्या पोरांना कळावं म्हणून हा खटाटोप. मुलांना क्लासला सोडायला आलेली गावची माणसं ऑफिसात डोकवायची आणि वाद घालायची. "अगं, तिथं चिंच न्हवती, लिंब होता." बाई निमूट चिंच पुसायच्या.

मागच्या गल्लीतलं मात्र कुणी वाचलंच नव्हतं, आणि बाकी कुणाला ती धड आठवेना. ती बाईंच्या थोरल्या भावानं सांगितली. लहानपणी ते त्या गल्लीत दूध घालायचे, म्हणून घर न् घर पाठ. गल्ली पुरी झाली आणि पुढं थोड्याच दिवसांत दादा वारले.

मग आमच्या सरांना, म्हणजे क्लासच्या मालकांना, थिन क्लायंटचं वेड लागलं. जुन्या डब्यांतल्या हार्ड डिस्क काढून टाकायच्या, सगळं एका मोठ्या सर्व्हरवर ठेवायचं आणि डब्यांनी नुसतं त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं. "जुन्यातच नवं होतंय," सर खुशीत म्हणायचे. होतंय कसलं? सर्व्हरला एसी आला, बॅटऱ्या आल्या, भिंती फोडून नव्या केबल आल्या. जुने डबे वीज खायचे ते खातच राहिले. सर्व्हर बसला की अख्खं ऑफिस हातावर हात ठेवून बसायचं. मी कुरकुरलो की सर म्हणायचे, "तुला चांगलं कधी दिसतंच नाही." असेल बुवा.

डिस्क काढायच्या आधी सगळ्यांना आपापल्या फायली सर्व्हरवर टाकायला सांगितलं होतं. बाईंनी वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका एकूणएक टाकल्या. काम करणारा नांदेडचा माणूस डिस्क पोत्यात भरून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सुट्टीत बाई पडद्यापुढं नुसत्या बसलेल्या.

"गाव टाकलं नव्हतं का, बाई?"

"सर्व्हर क्लासचा हाय, भाऊ. त्यात आपलं घरचं कसं ठेवावं?"

इतकी वर्षं ते ऑफिसच्याच डब्यात, डी ड्राइव्हमध्ये होतं. पण बाईंच्या लेखी तो डबा त्यांचा होता. मला हसूही येईना आणि रागावताही येईना.

आम्ही एसटीनं नांदेडला गेलो. तो माणूस भला होता. "ताई, सगळ्या पुसून विकल्या. आधी बोलायचं ना," एवढंच म्हणाला.

परतताना अहमदपूर सुटलं. बाहेर ज्वारीवर संध्याकाळ उतरत होती. बाई डोळे मिटून बोलायला लागल्या. वेशीतून आत, पाराला वळसा, सोनाराचं घर, लिंब, आडाची उतरण. गाडी हलत होती आणि मलाही ते गाव दिसायला लागलं. कुणाच्या तरी ओट्यावर मिरच्या वाळत होत्या. मी त्या गल्ल्यांतून चालत होतो. मागच्या गल्लीच्या तोंडाशी बाई थांबल्या.

"मागली गल्ली दादालाच ठाव होती," बाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. सरांच्या कुठल्याच हिशेबात ही गल्ली धरलेली नव्हती.

बाईंनी स्वतःच्या पैशानं पेनड्राइव्ह घेतला आणि त्यात गाव पुन्हा काढलं. मागची गल्ली तेवढी पांढरी राहिली. मी म्हणालो, "अंदाजानं काढा की."

"अंदाजानं कुणाचं घर मांडू नये, भाऊ."

बाई आता नाहीत. नोकरी सोडताना त्यांनी छापून दिलेलं ते गाव माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. पांढऱ्या गल्लीच्या तोंडाशी एकच चौकोन आहे, आत लिहिलंय 'दादा'. ते बघून मी तेव्हा विचारलं होतं, "यांचं घर इथं होतं?"

"न्हाई. आमचं घर वेशीपाशी," बाई म्हणाल्या. "पण गल्लीतलं कुणी वापस आलं, तर त्याला त्याचं घर दाखवायला कुणीतरी पायजे की."