चतुराबाईच्या वहाणा

आमच्या हसनाबादचा रखमाजी सुतार देव मानत न्हवता, हे गावाला ठाऊक होतं. त्यावरून त्याचं कुणाशी भांडण मात्र न्हवतं. मारुतीच्या देवळाचं दार त्यानंच केल्तं. "दार बराबर बसलंय. आत कोण ऱ्हातं ते तुमचं तुमी बघा," म्हणला.

निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तवा गाडीचं चाक घसरून त्याच्या उजव्या हातावर पडलं. हाड मोडलं. सुताराचा उजवा हात म्हणल्यावर सगळं गाव आलं. जो तो म्हणे, देव बरं करील. रखमाजी सांगे, "तुमाला माह्यासाठी वाटलं, लई झालं. बसा, चहा घ्या."

शेजारची चतुराबाई तेवढ्यावर भागणारी न्हवती. रखमाजीची बायको गेल्यापासून ही एकटी म्हातारीच त्याला भाकर घालायची. एक दिवस अनवाणीच आली.

"रखमा, पिंपळगावच्या रेणुकाईला बोलले मी. तुह्या हातात वाकस येईल, लाकूड तासशील आन् तू तिच्या पाया पडशील, तवाच पायात वहाणा घालीन."

"आत्या, मला इचारायचं तरी!"

"इचारलं असतं तर न्हाई म्हणला असतास."

चैत्रात हात बरा झाला, वाकस चालू झाला. चतुराबाई मात्र तापल्या रानातून लंगडत चाले. टाचा फुटल्या, बाभळीचे काटे मोडले. भुजंग तेल्यानं रखमाजीला टोकलं, "म्हातारीचे पाय भाजून राह्यले. जोड की जरा हात. तुहं काय जातं?"

"माहं न्हाई, तिचं जातं. तिनं खऱ्यानं मागितलं. त्याला मी खोटे हात कसे जोडू?"

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी जुंपली. "चल आत्या, पिंपळगावला."

म्हातारी फुलली. गाव सुटल्यावर रखमाजी म्हणला, "आधीच सांगतो. तुह्यासंगं आत येतो, उभा ऱ्हातो. पर पाया पडणार न्हाई. तुला फशिवणार न्हाई."

चतुराबाई तोंड फिरवून बसली. पिंपळगाव दिसलं तवा बोलली, "मंग मी अशीच फिरू व्हय?"

"ते तुला तिच्याशीच बोलावं लागंल. मी जसा हाये तसा तिच्यापुढं नेऊन उभा कर."

देवळात चतुराबाईनं त्याचं उजवं मनगट धरून वर उचललं. "आई, हा बघ रखमा. तुला मानत न्हाई, पर मला मानतो. हात बरा झाला, तुहे उपकार. त्याच्या वाटचं मी पडते पाया. एवढ्यावर भागव."

अन् ती दोनदा वाकली.

पुजारी म्हणला, "असं चालत नसतं, बाई."

"तू गप. माहं तिच्याशी बोलणं चाललंय."

देवीच्या तोंडाकडं बघून तिनं मान डोलावली. झालं म्हणली.

बाहेर रखमाजीनं गाडीतल्या कडब्याखालून तिच्या वहाणा काढल्या. तेल देऊन मऊ केल्त्या. पायांपुढं ठेवल्या. तिनं पाय घातला, तर जाईना. अनवाणी फिरून तळवे पसरल्ते.

"मुडद्या, आवळ झाल्या की!"

"घरी जाऊन लाकडाचा ठोकळा तासतो, सैल करून देतो. तवर बस गाडीत."

ती बसली. पार हसनाबादेपर्यंत वहाणा पायांच्या बोटांत अडकवून बसली.