अण्णांची एकतीस हत्यारं

मंगळवारी सकाळी सव्वासातला सानपअण्णांच्या मुलाचा फोन आला. अण्णा वारले होते. मी आडगावला गेलो. दुपारी घरी आलो.

हे लिहायला बसून तीन आठवडे झाले. गेलेल्या माणसाविषयी कसे लिहितात, हे मला पुस्तकांतून ठाऊक आहे. चौतीस वर्षे मी नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. पण अण्णांविषयी तसे लिहिता येत नाही. त्यांची आठवण निघाली की आधी हुरूपच येतो. जळकी तार चिमटीत धरून "सर, हे बघा, हे बघा!" म्हणताना त्यांना यायचा, तसा.

निवृत्तीनंतर आम्ही एक जुनी मिनीबस घेतली होती. आधीच्या मालकाने सीट काढून आत पलंग, ओटा, लहानसा फ्रिज, पंखे आणि पलंगाखाली मोठी बॅटरी बसवली होती. कॉलनीतले लोक तिला 'सरांचं फिरतं घर' म्हणत. फिरणे मात्र झाले नाही. त्याच वर्षी माझ्या पत्नीला, सुनंदाला, फुप्फुसांचा आजार जडला. झोपताना प्राणवायूचे मशीन लावावे लागे आणि ते मध्येच बंद पडून चालणार नव्हते. तिची थोरली बहीण येवल्याला राहते. त्यांच्या गल्लीत वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून दोन वर्षे सुनंदा माहेरी मुक्कामाला गेली नव्हती. बहिणीची पंच्याहत्तरी जवळ आली तेव्हा ती म्हणाली, "गाडी आहे ना आपली? ताईच्या दारात उभी करू. मी गाडीत झोपेन."

मी गाडी उघडली. पावसाळाभर ती जागेवरच उभी होती आणि उंदरांनी आत संसार थाटला होता. पंखा लावला की मागचा दिवा लागे. दिवा बंद केला की नळाचा पंप घरघरू लागे. तिसऱ्या दिवशी पलंगाखालून धूर आला. द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजवाल्याने आत डोकावून सरळ हात जोडले. "काका, हे माझ्याच्यानं नाही व्हायचं. आडगावच्या सानपअण्णांना बोलवा. विमानाच्या वायरिंगचा माणूस आहे. फक्त एक सांगतो, डोकं लय खातात."

दुसऱ्या दिवशी अण्णा स्कूटरवरून आले. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. स्कूटरवरून त्यांनी एक चपटी सुटकेस उतरवली, गाडीच्या पायरीवर मांडी घातली आणि ती उघडली. आत जाड फोम होता, आणि त्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खळगा कोरलेला. पक्कड पकडीच्या खळग्यात, स्क्रू ड्रायव्हर त्याच्या खळग्यात. बोट ठेवत ठेवत त्यांनी मोजले. एकतीस. मग सुटकेस माझ्यापुढे सरकवली.

"सर, आता तुम्ही मोजा."

"मी कशाला?"

"एकट्याची मोजणी धरत नाय आपण."

मी मोजले. एकतीस. त्यांनी वही काढून तिच्यात माझी सही घेतली. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर, रोज. "विमानात इसरलेला पाना वर गेल्यावर पाना राहत नाय, सर," ते म्हणाले. "वैरी होतो."

मग ते गाडीत शिरले आणि पंधरा मिनिटांत मला त्यांचे वेड लागले. पलंगाखालच्या फळ्या निघाल्या. आत उंदरांनी सोललेल्या तारा होत्या, आणि आधीच्या कुणीतरी केलेले जोड, नुसती चिकटपट्टी गुंडाळलेले. "हे वायरिंग हाय का वाकळ?" म्हणून अण्णा खो खो हसले. जुने सगळे काढून त्यांनी नव्या तारा आणल्या. सगळ्या एकाच रंगाच्या, पांढऱ्या! मी चरकलो. एवढ्या तारांतली कोणती कुठली, हे कळणार कसे?

"रंग फितूर होतो, सर. उन्हानं उडतो, मळानं काळा पडतो. आकडा इमानदार." त्यांनी प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना आकडा छापलेली बारीक नळी चढवली. "तुमच्या लायब्ररीत पुस्तकाला आकडा कशापायी असतो?"

"सापडावं म्हणून."

"मग! तारबी सापडायलाच पायजे."

मला काय आनंद झाला, सांगता येत नाही. ज्या कामात जन्म गेला तेच काम इथे पलंगाखाली चालले होते! मी घरातून कोरे रजिस्टर आणले, रकाने आखले: तार क्रमांक, कुठून, कुठे, कोणत्या कामाची. अण्णा आतून ओरडत, "एक्केचाळीस! बॅटरीपासून मशीनच्या प्लगपर्यंत!" आणि मी लिहून घेत असे. पुस्तके नोंदवताना मी कधी इतके टपोरे अक्षर काढले नव्हते. एकूण एकशे अठरा तारा झाल्या.

चौथ्या दिवशी तारांचे जुडगे बांधायचे होते. अण्णा प्लास्टिकच्या पट्ट्या वापरत नसत. पट्टीची कड तारेला कापते म्हणत. मेण लावलेल्या दोऱ्याने ते दर चार बोटांवर एक गाठ मारत. सुनंदा दारात खुर्ची टाकून पाहत होती. ती येवल्याच्या विणकराची मुलगी. वडिलांच्या मागावर तुटलेले धागे सांधायचे काम लहानपणी तिच्याकडे असे. थोडा वेळ तिने धीर धरला.

"अण्णा, तुमची गाठ छान आहे. पण सावकाश आहे."

"वहिनी, चाळीस वर्षं हीच गाठ मारतोय मी."

"म्हणूनच म्हटलं. चाळीस वर्षांत वेग यायला हवा होता."

अण्णांनी मुकाट्याने दोरा तिच्या हातात दिला. तिने त्यांची गाठ एकदा उलगडून पाहिली, आणि मग बोटे अशी चालली की अण्णा चष्मा पुसू लागले. त्यांनी एकेक गाठ ओढून पाहिली. एकही सरकली नाही. "सर," ते मला म्हणाले, "ह्या बाईला आम्ही कारखान्यात घेतलं असतं. तुम्हाला नसतं घेतलं." दोन वर्षांत सुनंदा इतकी हसली नव्हती. हसताना तिला दम लागला, तरी ती हसत राहिली.

शनिवारी काम संपले. रविवारी सकाळी निघायचे होते. तिची बॅग गाडीत चढली होती. पंखे, फ्रिज, पंप, मशीन, सगळे चालू झाले. अण्णा मोजायला बसले. तीस.

पुन्हा मोजले. मी मोजले. तीसच. सहा इंची स्टीलच्या मोजपट्टीचा खळगा रिकामा होता.

"गाडी जायची नाय," अण्णा म्हणाले आणि किल्ली काढून खिशात घातली.

"अहो अण्णा, पट्टीच ना?" सुनंदा म्हणाली. "दुकानात मिळते."

"मिळते, वहिनी. पण ही पट्टी गाडीत कुठं पडलीय ते दुकानदार सांगल का? बॅटरीच्या दोन टोकांवर पडली तर भडका उडल. आणि तुम्ही तिच्यावरच झोपणार."

सुनंदा उठली. आत जाऊन तिने बहिणीला फोन केला, "बघू, जमलं तर," असे म्हणाली आणि दार लोटून घेतले. अण्णांनी पहिला स्क्रू काढला. फळ्या निघाल्या, पत्रे निघाले, पलंग निघाला. साडेचार तास आम्ही आरसा आणि टॉर्च घेऊन कोपरा न् कोपरा पाहिला. प्रत्येक गाठ, प्रत्येक जोड त्यांनी पुन्हा तपासला. पट्टी नव्हती. सगळे पुन्हा जागेवर बसवून दिवेलागणीला ते सुटकेस आणि किल्ली घेऊन घरी गेले.

रविवारी सकाळी साडेसहाला ते परत आले. "आज सीटचं अस्तर उसवू," म्हणाले. निदान यादी तरी तपासावी म्हणून मी रजिस्टर उघडले, ते थेट एक्केचाळीस क्रमांकाच्या पानावर उघडले. पानात पट्टी होती. शनिवारी मशीन लावून बघताना खूण म्हणून मीच ठेवलेली. हाताला जे चपटे लागेल ते पुस्तकात घालायची माझी जन्माची सवय.

खरे सांगतो, एक क्षण मनात आले की ती हळूच सीटखाली सरकवावी आणि "सापडली!" म्हणावे. मग मी रजिस्टर तसेच उघडे घेऊन गाडीपाशी गेलो.

अण्णांनी पट्टीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "माझी चूक. तुमचा कालचा दिवस गेला."

"जाऊ द्या." त्यांनी पट्टी खळग्यात बसवली. "आमच्याकडं माणसानं आपणहून सांगितलं तर त्याला कोणी रागवत नव्हतं. लपवणाऱ्याला मात्र परत विमानाजवळ उभं करत नव्हते." मग एकदम हसू फुटून म्हणाले, "पण सर, पट्टी काय पुस्तकात घालायची चीज हाय? बायकोची चप्पल घातली नाय नशीब!"

सुनंदा दार उघडून बाहेर आली होती. तिने मोजले. एकतीस. सही तिनेच केली.

अकराच्या सुमाराला आम्ही येवल्यात पोहोचलो. गल्लीतली सगळी मंडळी गाडी पाहायला जमली आणि सुनंदा गाइडसारखी एकेक तार दाखवत सुटली. "ही गाठ माझी. ही पण माझी." त्या रात्री गल्लीतली वीज दोनदा गेली, असे आम्हाला सकाळी सांगण्यात आले. गाडीत ते कुणाला कळलेच नव्हते. सकाळी सहा वाजताच अण्णांचा फोन आला. माझ्याशी बोलायचे नव्हते. "वहिनींना द्या."

"चाललं, अण्णा," ती म्हणाली. "रात्रभर चाललं."

 पलीकडून अण्णा म्हणाले, "बरं. च्या घ्या आता."

त्यानंतर दीड वर्ष ते दर महिन्याला गाडी तपासायला येत. शेवटच्या खेपेला त्यांना दम लागलेला दिसला. सुनंदाने विचारले तर म्हणाले, "वहिनी, वय झालं. वायरिंग जुनं हाय, बदलता येत नाय." आम्ही तिघेही हसलो. मी तरी तेव्हा ते हसण्यावारीच नेले.

सुनंदा आता महिन्यातून एक रात्र बहिणीकडे राहते. मागच्या शनिवारीही आम्ही येवल्याला जाऊन आलो. निघण्याआधी गाडी तिने तपासली.