रिकामे फ्लॅट मोजले म्हणून

मंडळी, डोकं फिरलंय. इथे आखातात, मरीनातल्या टॉवरच्या एसी फिटिंगचा रिपोर्ट मी काढतो. जिथे काम सुरूच नाही, त्या फ्लॅटचा स्टेटस साहेब रिकामा ठेवायला लावतात. स्टेटस रिकामा असला की तो फ्लॅट सॉफ्टवेअर मोजतच नाही, म्हणून रिपोर्टात नव्वद टक्के काम पूर्ण!

आज मी तिथे 'बाकी' भरलं. नव्वदचे चाळीस झाले.

साहेब आपलेच, सांगलीचे, गणपतीत आरतीला सगळ्यात पुढे. सगळ्यांसमोर ओरडले, "यल्ला, चल लवकर, होतं तसं कर! नाहीतर तुझा व्हिसा खलास."

"साहेब, ह्या रिपोर्टावर उद्या लोकांना चाव्या देताय."

"तुला कोणी विचारलं?"

मी कीबोर्ड ढकलून उठलो. नोकरी गेलीच समजा. पण सांगा, इथल्या भर जुलैच्या उकाड्यात त्या फ्लॅटमध्ये लेकरं घेऊन येणाऱ्यांना हा माणूस गारवा टक्क्यांतून देणार का?