साडूच्या गाडीचे पिवळे दिवे

माझ्या साडूने मला त्याची जुनी गाडी विकली तेव्हा भर दुपार होती. दुपार त्यानेच ठरवली होती. का, ते मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं, आणि त्याला आता बरीच वर्षं झाली तरी माझा राग उतरलेला नाही.

नारायणगावच्या बाजारात माझा टोमॅटोचा व्यापार. हमाली करत वर आलो. क्रेटच्या वरच्या थरावर मी कधी विश्वास ठेवला नाही. शेतकरी वर लालभडक, एकसारखा माल मांडतो. मी हात थेट खाली घालतो आणि तळाचं फळ काढून त्याच्याच हातात ठेवतो. मला फसवणं अवघड आहे असं बाजारात सगळे म्हणतात, निदान माझ्यासमोर तरी.

साडू पुण्यात नोकरीला. इस्त्रीचे कपडे, हळू आवाज, सासुरवाडीला येताना न चुकता पेढे. त्याने नवी गाडी घेतली आणि दहा वर्षं वापरलेली पांढरी मला देऊ केली. सौदा निरगुडसरला सासऱ्यांच्या अंगणात झाला. सासऱ्यांच्या दारात जावयांनी आपसात भाव करणं बरं दिसत नाही म्हणतात, पण मी केला. टायरला नखं लावली, तेलाची काडी काढून वास घेतला, पायाखालची मॅट उचलून पत्रा खरवडला. दिवे लावायला सांगितले, ते लागले. मग भाव पाडायला बसलो तो चहा दोनदा होईपर्यंत. शेवटी साडूने उसासा टाकला आणि माझा आकडा मान्य केला. तो उसासा जरा लवकर आला, असं मला तेव्हाच वाटायला हवं होतं.

वारूळवाडीला परत येताना दिवस बुडाला. मी दिवे लावले आणि रस्त्यात काही फरक पडला नाही. बायको म्हणाली, दिवे लावा. मी म्हणालो, लावलेत. तिचा विश्वास बसेना म्हणून खाली उतरून बघितलं. दिवे लागले होते, पण उजेड आतल्या आतच घुटमळत होता. काचेवरून बोट फिरवलं तर बोटाला धूळ आणि चिकटा. वास घेतला. खोबरेल तेल. बायकोच्या पदराने पुसल्यावर खालचं खरं रूप दिसलं: जुन्या प्लास्टिकच्या बरणीसारखं पिवळट, खरबरीत, आंधळं. तेलाचा हात फिरवला की असलं प्लास्टिक घटकाभर नव्यासारखं चमकतं. म्हणजे मलाच वरचा थर दाखवला होता, तोही सासऱ्यांच्या अंगणात.

फोन केला. साडू शांतपणे म्हणाला, तुमच्या भागात धूळ फार आहे.

पुढे अधिक महिना आला. सासूबाईंनी दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला एकाच संध्याकाळी बोलावलं. जावयाला समोर बसवून पुरणाचे धोंडे वाढायचे, कपडे करायचे, हा मान त्याच महिन्यात. मी ठरवलं की वाण वगैरे राहू द्या, त्या ताटावर सासूसासऱ्यांसमोर साडूच्या तोंडून तेल कबूल करून घ्यायचं. तेलाचा चिकटा अजून काचेच्या कडांना, खाचांत भरलेला होता. पुरावा शाबूत होता.

पण रात्री परत यायला उजेड हवा; मला पहाटे बाजार. मुक्कामाची सोय नाही. जुन्नरला दुकानात दिव्यांच्या नवीन जोडीचा भाव विचारला. ऐकून मी पायरी उतरलो आणि सावकाश चालू लागलो, मागून हाक यावी म्हणून. कोपऱ्यापर्यंत गेलो. कुणी हाक मारली नाही. असा धंदा मी आयुष्यात बघितला नव्हता.

मग आमच्या इथल्या एका गॅरेजवाल्याकडे गेलो. तो बोलायला भारी. "नवीन कशाला घेता शेठ, घासून देतो की. आरशागत करतो," म्हणाला. भाव मी निम्म्यावर आणला. त्याने सांगितलं, चहा पिऊन या, दोन तासांनी घेऊन जा. पण माल दुसऱ्याच्या हातात सोडून मी कधी चहाला गेलेलो नाही. स्टूल ओढून समोरच बसलो.

आधी त्याने दोन्ही दिवे साबणाने खसाखसा धुतले. मग उजव्या दिव्यावर पाणी मारत काळ्या खरखरीत कागदाने घासायला लागला. दुधासारखं पाणी बंपरवरून ओघळलं. मला वाटलं, निघाली घाण. पण पुसल्यावर दिवा बाथरूमच्या खिडकीसारखा झाला होता. पांढरा फट्ट. आतला बल्बही दिसेना. मी विचारलं, हे काय? मान वर न करता तो म्हणाला, होतंय. आणखी घासलं, आणखी पांढरं झालं. तेव्हा मी उठलो.

"अरे, पिवळा व्हता तवा निदान दिवा तरी वाटत व्हता. माझ्या गाडीवर शिकतोस काय?"

"शेठ, आदी असंच होतं. अजून बारीक कागद मारायचाय, मग पॉलिश. अर्ध्यात नेलीत तर माझी जबाबदारी नाय."

मी किल्ली हिसकावली आणि गाडी काढली. आधी असंच होतं, हे त्याने घासायच्या आधी सांगायला हवं होतं. माझं आजही हेच मत आहे.

अशा रीतीने एक डोळा पिवळा आणि एक पांढरा घेऊन मी दिवसाउजेडी निरगुडसरला पोचलो. साडूची नवी गाडी आधीच अंगणात उभी होती. त्याने माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढे येऊन थांबला, वाकून दोन्ही दिवे बघितले आणि घरात गेला. ते बघणं मला फार लागलं.

ताटं वाढली. धोंड्यावर तूप पडलं आणि मी विषय काढला. तेल, धूळ, वास, सगळं सांगितलं. साडूने घास संपवला, पाणी प्यायला आणि सासऱ्यांना म्हणाला, माझ्याकडं असताना दिवे चांगले होते. ह्यांनी कुणाकडून तरी घासून घेऊन घालवले, बाहेर जाऊन बघा. सासरे खरंच उठून बघून आले. मी तेल दाखवायला मागोमाग गेलो, तर खाचाखाचा लख्ख. त्या गॅरेजवाल्याने दुसरं काही धड केलं नसेल, पण साबण नीट लावला होता.

"घासलंय खरं," सासरे बसत म्हणाले.

माझं डोकं तापलं. मी म्हणालो, दिवे एवढे चांगले होते तर ही गाडी असताना साडू इथून कायम चार वाजताच का निघायचे? एकदा तरी रात्रीचं जेवून गेलेत का?

साडू म्हणाला, आईंना त्रास नको म्हणून.

सासूबाईंच्या हातात धोंड्यांचं पातेलं होतं. त्या तशाच थांबल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, तुमाला आमचं तिखट चालत नाय. दर टायमाला आमटी फिकी करत आले मी. ह्या म्हाताऱ्यांनी इतकी वरसं फिकी खाल्ली."

सासऱ्यांनी मान हलवली. एवढ्या गंभीरपणे त्यांना मी कधी बघितलं नव्हतं.

साडूने मान खाली घातली, पण कबूल काही केलं नाही. सासूबाईंनी त्याच्या ताटात चार धोंडे एकदम ठेवले आणि वर झणझणीत आमटीची वाटी. ती संपेपर्यंत त्या समोरून हलल्या नाहीत. त्याचे डोळे पाण्याने भरले. मला ते बघायला बरं वाटलं. निघताना सासऱ्यांनी हुकूम सोडला की माझ्या गाडीला उजेड नाही, तेव्हा थोरल्या जावयाने पुढे राहून मला वारूळवाडीपर्यंत पोचवायचं आणि मग पुण्याला जायचं. म्हणजे आधी उलट्या दिशेला जाऊन सगळा रस्ता परत.

दोघी बहिणी गप्पा मारायला नव्या गाडीत बसल्या. मी एकटा मागे, साडूच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून. तो मुद्दाम जोरात पळवत होता, निदान मला तसं वाटलं. मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. शेवटी तो थांबला आणि एकटाच चालत माझ्या खिडकीशी आला.

"तेल मीच लावलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही सगळीकडे बोट फिरवलंत, मला वाटलं तिथंही फिरवाल. तेवढा भाव आणखी सोडायची माझी तयारी होती."

"हे घरात का न्हाई बोललात?"

"घरात सगळे होते."

मी दार उघडून उतरलो आणि म्हणालो, चला, हेच पुढं येऊन दोघींसमोर बोला. तो केव्हाच वळून चालू लागला होता. नव्या गाडीत एसी, काचा घट्ट बंद. मी मागच्या काचेवर थाप मारली. बायकोने वळून बघितलं, साडू वाट दाखवतोय म्हणून मी आभार मानायला आलोय असं समजून हसून हात हलवला, आणि गाडी सुटली.