चटईखालचा पाय

सेउताचा पाय पहिल्यांदा धरला तो भर सभेत.

आमच्या फालेउता गावात सेउता म्हणजे घराण्याच्या वतीने बोलणारा मताई, घराचा किताबधारी प्रमुख. लग्न असो, मयत असो की भांडण, आमच्या घराचा शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडायचा. सभेत त्याचा खांब ठरलेला. त्या खांबाला पाठ लावून तो मांडी घालून बसायचा आणि दुपार कलली तरी हलायचा नाही. त्या दिवशी मात्र बोलता बोलता त्याच्या उजव्या अंगठ्यात निखारा पडल्यासारखं झालं. त्याने दात आवळले, मांडी बदलली, आणि शेवटी पाय लांब केला.

उघडा पाय लोकांकडे करून बसायचं नसतं. शेजारच्याने लगेच, रीत म्हणून, आपल्याजवळची चटई त्याच्या पायावर सरकवली. चटईचा काठ अंगठ्याला लागला आणि सेउता ओरडला. डुक्कर कापताना ओरडतं तसा ओरडला, असं लोक नंतर हसून सांगत. पण त्या क्षणी कुणी हसलं नव्हतं. एक म्हातारा हळूच म्हणाला, "मघाशी वंशावळ सांगताना कुणाचं तरी नाव गाळलंस, सेउता. ज्याचं गाळलंस त्याने पाय धरलाय."

महिनाभर तो झाडपाला बांधून घेत होता आणि मनातल्या मनात मेलेल्यांची नावं पुन्हा पुन्हा म्हणत होता. पंख्याचा वारा पायावर आला तरी कळवळायचा. शेवटी त्याची बायको सिनेवा त्याला दवाखान्यात घेऊन गेली. तिथली नर्स, मालेसाला नावाची, आमच्या नात्यातलीच.

"नाव गाळलेलं नाही, पथ्य गाळलंय," ती म्हणाली. "हा गुगू आहे, काका. रक्तात युरिक ऍसिड वाढलंय. तुमच्या वडिलांनाही होता ना?"

"त्यांना म्हातारपण होतं."

"चाळिशीत?"

तिने गोळी दिली, रोज घ्यायची. बिअर बंद, गोड सरबतं बंद. पिसुपोचे, म्हणजे खारवलेल्या गोमांसाचे डबे, मासळीचे डबे, डुकराची काळीज-कलेजी बंद. "आणि दोन गोष्टी नीट ऐका. उपास करायचा नाही, आणि पाणी कमी करायचं नाही. या दोन्हीने पाय धरतो. लोकांना वाटतं फक्त खाण्याने धरतो."

गावाने यातली एकच गोष्ट लक्षात ठेवली. पंगतीत डुक्कर कापलं की सेउताच्या मानाचा तुकडा त्याच्यासमोर यायचाच, तो चुकवता येत नाही. मग कुणीतरी म्हणायचं, "अरे, सेउताला नको, त्याच्या अंगठ्याला विचारा आधी!" दुसरा म्हणायचा, "अंगठ्याने सध्या डुक्कर सोडलंय, फक्त तारोचा कंद खातो." सेउताही हसायचा, तुकडा घ्यायचा आणि पानात गुंडाळून बहिणीच्या घरी पाठवून द्यायचा.

घरी मात्र तो हसत नसे. ताटाकडे तो साखळीला बांधलेल्या कुत्र्याकडे बघावं तसा बघायचा. सिनेवा उकडलेली हिरवी केळी, तारो, अंगणातली पालेभाजी आणि एखादा ताज्या माशाचा तुकडा वाढायची. तो विचारायचा, "यात डब्यातलं काही नाही ना?"

"अहो, बायकोला कधी भ्याला नाहीत, आणि डब्याला भिता?"

"तू चावत नाहीस."

"अजून चावले नाही, असं म्हणा."

दुखणं येऊन गेल्यावरही त्याची भीती मागे राहायची. झोपताना तो पाय चादरीबाहेर ठेवी. बोटीत उतरताना, चर्चच्या पायऱ्या चढताना आधी अंगठ्याची चाहूल घेई. पण वर्षभर त्याने पथ्य सोडलं नाही, आणि वर्षभर पाय शांत राहिला.

मग फालानिकोच्या गाडीखाली पोरगं आलं.

फालानिको सेउताच्या बहिणीचा मुलगा. तारोने भरलेली पिकअप घेऊन तो वळणावर जरा जोरातच आला, आणि शेजारच्या वाइतोलो गावातला पेसामिनो सायकलवर समोर होता. पोराला बोटीने राजधानीत, आपियाच्या मोठ्या इस्पितळात नेलं. शुद्ध नव्हती. बरोबर बाप गेला. आई तालिता अंगावरच्या तान्ह्या बाळामुळे मागे राहिली.

फालानिको कसाबसा घरी पोहोचला. वाइतोलोची पोरं कोयते घेऊन रस्त्यावर उभी आहेत, असं कुणीतरी सांगत आलं. बायकांनी मुलांना आत ओढलं. सेउताने घरातल्या सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाला, "उद्या उजाडायच्या आत इफोगा."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आमच्या माणसाच्या हातून घडलं, तर आमच्या घराच्या मुख्य माणसाने त्यांच्या दारात जाऊन बसायचं, डोक्यावर घरातली सर्वांत मानाची चटई घेऊन. सोबत चुलीचे दगड आणि सरपण न्यायचं. भाजायचं तर भाजा, आम्ही तुमचे. त्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर बसून राहायचं. आणि त्यांच्यातला कुणी कोयता घेऊन आला, तर मान वर करायची नाही. चटईखालून उठायचं तर मुळीच नाही. आपण होऊन उठलेल्या माणसाची माफी मोडते, आणि मग ती दोन घरांत कधी जुळत नाही.

सिनेवा त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमच्या धाकट्या भावाला बसवा."

"सेउता कोण आहे? तो की मी?"

"गुडघ्यावर वाकून किती वेळ बसाल? आणि पायावर चटई. साधी चादर सोसत नाही तुम्हाला."

"वर्षभर काही झालेलं नाही."

"मग तोंड का उतरलंय?"

संध्याकाळी तिने तारो पुढे ठेवला, तो त्याने परत केला. तिने पाण्याचा तांब्या आणला, तोही त्याने सरकवला. ती बघतच राहिली.

"मालेसाला काय म्हणाली होती?"

"चटईखाली लघवीला लागली तर? वर्षभर तू मला घागरीने पाणी पाजलंस. आता मी दर तासाला उठतो. तिथे उठलो की संपलं सगळं, सिनेवा. फालानिकोचं संपलं."

तिने तांब्या पुन्हा पुढे केला. त्याने पुन्हा सरकवला. त्याच्याकडे दोन भीती होत्या, आणि त्यातली त्याने मोठी निवडली.

उजाडायच्या आधी आम्ही वाइतोलोच्या वाटेला लागलो. पुरुष पुढे, बायका मागे. दगडांच्या टोपल्यांची करकर तेवढी ऐकू येत होती. पेसामिनोच्या आजोबांच्या, म्हणजे तापुसोआच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत सेउता आणि फालानिको गुडघे टेकून पुढे वाकले. सिनेवाने ती मऊ, जुनी, लाल पिसांच्या काठाची चटई दोघांवर पांघरली. बाकीचे आम्ही मागे माना खाली घालून बसलो.

उजेड झाला. घर चारी बाजूंनी उघडं, त्यामुळे आतली माणसं आम्हाला दिसत होती आणि आम्ही त्यांना. कुणी आमच्याकडे आलं नाही. घराच्या मागे कुणीतरी कोयत्याला धार लावत होतं. रोजच्याच कामासाठी लावत असेल. पण ती दगडावरची खरखर थांबली की माझ्या शेजारच्या बाईचा श्वास थांबायचा.

ऊन चढलं तसा चटईखाली सेउताच्या उजव्या अंगठ्यात पहिला ठोका पडला.

तो ठोका त्याला ओळखीचा होता. आधी कोमट, मग टोचणी, मग आत काहीतरी फुगत जातं आणि कातडी कमी पडते. त्याने पाय जरासा बाजूला घ्यायचा प्रयत्न केला. चटईची झालर अंगठ्यावरून घसरली आणि त्याच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं.

"मामा," शेजारून फालानिको कुजबुजला. "थरथरताय तुम्ही. येतायत का ते?"

"गप्प बस."

"मामा, तुम्हीच घाबरलात तर मी..."

"घाबरलोय. तू गप्प बस."

हे सगळं त्याने नंतर सांगितलं. बाहेरून आम्हाला फक्त चटई हलताना दिसत होती, एका कोपऱ्यात, एकसारखी. तापुसोआच्या ओसरीवरचा एक तरुण उभा राहून म्हणाला, "बघा, कंटाळले साहेब." सिनेवाने ओठ असे चावले की रक्त आलं. तिला कळलं होतं. पुढे होऊन ती चटई तिला वर धरता आली असती. पण चटईला हात लावायचा हक्क आता आमच्यातल्या कुणालाच नव्हता.

घरात फोन वाजला.

धार लावणं थांबलं. तालिता बाळ कडेवर घेऊन फोनकडे गेली. तिचा आवाज आमच्यापर्यंत आला नाही. पोरगं गेलं असं तिला कळलं, तर ओसरीवरची पोरं आमच्यापर्यंत यायला तीन ढांगा पुरेत. सेउता सांगतो, त्या वेळी त्याला अंगठा जाणवलाच नाही. फोन ठेवल्याचा आवाज आला आणि दुखणं दुपटीने परत आलं.

मग पावलं वाजली. अनवाणी, जड. ती चटईजवळ येऊन थांबली. फालानिको बारीक आवाजात प्रार्थना म्हणत होता, आणि सेउताने मानेवर घाव पडण्याची वाट पाहत डोळे मिटले.

मानेवर ऊन पडलं. म्हाताऱ्या तापुसोआने चटई उचलली होती.

"पोरगं अजून तसंच आहे," तो म्हणाला. "पण ऊन तापलं. उठा, आत या."

मागे कुणीतरी हुंदका दिला. फालानिको उठला. सेउताला उठता येईना. त्याने हात टेकले, उजवा पाय जमिनीला लावला आणि तसाच खाली बसला. तापुसोआच्या कपाळाला आठी पडली. माफी दिली तरी माणूस जमिनीवरच बसून राहतो, याचा अर्थ काय लावायचा?

"बसायला आलात," ओसरीवरचा तो तरुण म्हणाला, "आता उठायला आमंत्रण हवं का?"

"पाय धरलाय," सेउता म्हणाला. सभा गाजवणाऱ्या माणसाचा आवाज चिरकला. "गुगू. मला उभं राहता येत नाही, मालक. मी येतो. रांगत येतो."

आणि तो खरंच रांगत गेला, उजवा पाय वर उचलून, वाटेतल्या खडीवरून. कुणी धरायला धावलं नाही, कारण धरावं की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. आत जाऊन तो खांबाला टेकला, पण मांडी घालता येईना. पाय लांब झाला, उघडा, सुजलेला, लालभडक, थेट यजमानांकडे तोंड करून. घरातली एक मुलगी लगेच चटई घेऊन पुढे आली.

"नको!" सेउता ओरडला.

मुलगी चटई घेऊन तिथेच थबकली. आत्ताच मिळालेली माफी या एका शब्दावर लटकली आहे, हे त्यालाही कळत होतं. यजमानाने दिलेलं पांघरूण नाकारायचं, त्याच्याच घरात, त्याचा नातू इस्पितळात असताना. तो काही बोलायला गेला, पण घसा इतका कोरडा पडला होता की शब्द बाहेर येईना.

तालिताने बाळ सासूच्या मांडीत दिलं. कोपऱ्यातली तारोची टोपली उचलली, तारो जमिनीवर ओतले आणि रिकामी टोपली सेउताच्या पायावर पालथी घातली, कुठेही स्पर्श न होऊ देता. मग त्या मुलीच्या हातातली चटई घेऊन टोपलीवर पसरली.

"माझ्या बापालाही होता," ती म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "शेवटचं पाणी कधी प्यायलात?"

"काल. दुपारी."

"वेडे आहात." तिने शहाळं फोडून त्याच्या हातात दिलं. "माझं पोरगं तिकडे नळ्यांवर, आणि तुम्ही इथे कोरडे मरायला आलात? एक पुरे नाही का आम्हाला?"

ते तो हनुवटीवरून सांडत प्यायला.

आम्ही परत आलो. सेउता येऊ शकला नाही. सिनेवाने मालेसालाकडून औषध पाठवलं, आणि दोन दिवस तो त्याच घरात, त्याच टोपलीखाली पाय ठेवून पडून होता, ज्या घराने त्याला मारलं असतं तरी गावाने काही म्हटलं नसतं. तालिता त्याला केळी उकडून द्यायची. घरच्यांसाठी मासळीचा डबा उघडताना पाठ वळवून उघडायची, जणू तो आजारी मूल आहे. फोन वाजला की दोघंही एकाच दिशेला वळत, आणि तो अंगठ्याचं दुखणं विसरून तिची पाठ बघत राही.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा घरात दोघंच होती. तालिता उठली, दोन पावलं गेली आणि थांबली. फोन वाजत राहिला.

"तुम्ही घ्या," ती म्हणाली.

"मी?"

"माझ्याने होत नाही. रोज मीच घेते. आज तुम्ही घ्या."

नाही म्हणायचा हक्क त्याला नव्हता. त्याने पाय टोपलीखालून काढला आणि भिंतीला धरून, प्रत्येक पावलाला तोंडातल्या तोंडात कण्हत, तो फोनपर्यंत गेला. पलीकडे पेसामिनोचा बाप होता. कोण बोलतंय हे बापाने विचारलं, आणि सेउताने स्वतःचं नाव सांगितलं.

मग बाप बोलू लागला. सेउता ऐकत राहिला, एका पायावर उभा, डोळे मिटून. तालिता त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होती, आणि त्याचा चेहरा काहीच सांगत नव्हता. त्याने फोन खाली ठेवला नाही. तो तिच्यापुढे धरला.

"डोळे उघडलेत," तो म्हणाला. "बोलत नाही अजून. पण तुझा आवाज ऐकव त्याला, म्हणतायत."

तालिताने फोन घेतला. तोंडाशी नेला. तिला काही सुचेना, म्हणून ती मुलाला नावाने हाक मारत राहिली, आणि सेउता शेजारी भिंतीला धरून उभा होता.