डीसीवाले मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका कर्मठ माणूस साऱ्या मुरबाड तालुक्यात सापडायचा नाही. माळशेज चढून पलीकडे गेलात तरी नाही. आता कर्मठ म्हणजे त्यांचं सोवळं देवाधर्माचं नव्हतं, विजेचं होतं. विजेचे दोन प्रकार असतात, डीसी आणि एसी, हे आपण शाळेत शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. मामा विसरले नाहीत. डीसी म्हणजे एका दिशेनं सरळ वाहणारी, घरंदाज. आणि एसी म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे करणारी, "इलेक्शनच्या टायमाला आपलं पुढारी करतात ना, तशी." माणसांचेही त्यांनी हेच दोन भाग पाडले होते. मी मुलगी बघायला टोकावड्याला गेलो तेव्हा बाकीच्यांनी पगार विचारला, शेती विचारली. मामा कोपऱ्यातून नुसते टक लावून बघत होते. पोहे संपता संपता म्हणाले, "पोरगा डीसी हाय. देऊन टाका." आणि दिली की हो! आता घरात मी जरा शब्द फिरवला की बायको म्हणते, "त्या दिवशी मामांचं मीटरच बिघडलं होतं."

मामा आमच्या एमआयडीसीतल्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल फोरमन, आणि मी तिथेच स्टोअरला. पुठ्ठ्याचं मशीन फिरवणारी मुख्य मोटार डीसी, कारखान्याइतकीच जुनी आणि हत्तीच्या पिल्लाएवढी. सगळे तिला म्हातारी म्हणायचे, मामा सोडून. मामा तिला 'बाय' म्हणायचे. असल्या मोटारीच्या पोटात तांब्याचा एक गोल फिरत असतो, त्याला कार्बनचे ठोकळे टेकलेले असतात आणि ते झिजतात. झिजलेले कार्बन मामा खिशात घालून घरी न्यायचे. त्यामुळे त्यांच्या सगळ्या शर्टांचे खिसे काळे आणि नातवंडांच्या कृपेनं घराच्या सगळ्या भिंती काळ्या. मामी म्हणायच्या, "सवत आणली असती तर निदान चूल तरी सांभाळली असती."

मोटारीची तब्येत बघायची मामांची रीत म्हणजे लांबलचक स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला. बेअरिंगचा आवाज त्यातून ऐकू येतो, हे खरं आहे. पण मामांना वाटायचं, त्यातून सगळंच ऐकू येतं. म्हशाच्या जत्रेत भावासाठी बैल घ्यायला गेले तेव्हा त्यांनी तोच स्क्रू ड्रायव्हर खिशातून काढून बैलाच्या मागच्या फऱ्याला लावला. बैलानं अशी लाथ झाडली की मामा शेजारच्या घोंगड्यांच्या ढिगावर जाऊन पडले. लोक धावले. मामा धूळ झटकत उठले आणि भावाला म्हणाले, "घे. बेअरिंग ठीक हाय."

तर अशा या मोटारीचा ड्राइव्ह एके दिवशी धूर सोडून गेला. ड्राइव्ह म्हणजे पॅनेलमधली ती वस्तू, जी खांबावरच्या एसीची डीसी करते आणि मोटारीचा वेग सांभाळते. मी एकदा डिवचलं होतं, "मामा, तुमच्या बायला शेवटी एसीच लागते की!" तर म्हणाले, "खांबावरून येतो तो उंडगा, जावईबापू. ड्राइव्ह त्याला माणसात आणतो." आता हा माणसात आणणाराच गेला. भाड्यानं आणलेल्या एका जुनाट ड्राइव्हवर मशीन कसंबसं रखडत होतं आणि वेगाला जरा हिसका बसला की पुठ्ठा टर्रकन फाटत होता. मॅनेजर म्हणाले, यानिमित्तानं मोटारच बदलू, एसी मोटार आणि एसी ड्राइव्ह, म्हणजे कार्बनची कटकट कायमची संपेल. मामा नुसते पेटले. "रिमोट बिघडला म्हणून टीव्ही फेकतं काय कोण? मोटार धडधाकट हाय! एसी आणायची तर पाया फोडा, केबल बदला, कपलिंग बदला. त्यापेक्षा नवा डीसी ड्राइव्ह लावा, चार दिसांत मशीन चालू!" अहो, बिनतोड होतं! पुढे आठवडाभर त्यांनी हेच भाषण कॅन्टीनमध्ये, गेटवर, पाळीच्या बसमध्ये केलं. वॉचमनसुद्धा डीसीच्या बाजूचा झाला.

आमच्या शेठची एक पद्धत होती. मोठी खरेदी ऑफिसात ठरवायची नाही. मशीनपाशी उभं राहायचं आणि बोलणाऱ्यानं मशीनवर हात ठेवून बोलायचं. मशीनवर हात ठेवून कोणी खोटं बोलत नाही, असा त्यांचा समज. या एका समजावर कितीतरी विक्रेत्यांनी बंगले बांधले. त्या दिवशीही आम्ही सगळे मोटारीभोवती जमलो. मॅनेजर हात ठेवून बोलले, कोणाला पटलं नाही. मग मामांनी हात ठेवला आणि असे काही बोलले की शेठ खूश. खर्च कमी म्हटल्यावर शेठ तसेही खूशच असायचे. पेन काढून म्हणाले, "ठीक आहे मामा. तुमच्या शब्दावर नवा डीसी ड्राइव्ह घेतो."

मामा जिंकले होते. मी टाळी द्यायला हात पुढे केला. पण मामांचा हात मोटारीवरून निघेना.

"शेठ, थांबा," ते म्हणाले. "ड्राइव्ह नका घेऊ."

"का हो?"

"तांबं संपलंय. गोल खराब झाला की लेथवर घासून आणायचो मी. मागच्या टायमाला घासला तो शेवटचा. आता घासाय काय उरलंच नाय. नवा ड्राइव्ह लावाल, पण बाय वर्षभर पण नाय काढायची." मग मॅनेजरकडे न बघता म्हणाले, "एसी आणा."

त्यांच्याशिवाय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गप्प बसले असते तर म्हातारी आणखी काही महिने फिरली असती, आणि मग गेली असती तर ड्राइव्हच्या नावानं शिमगा करायला मामा मोकळे होते.

एसी मोटार आली. मामांनीच तिला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि तोंड वाकडं करून का होईना, चालू करून दिली. पुठ्ठा फाटायचा थांबला. जुनी मोटार क्रेननं टेम्पोत चढवली तेव्हा मी पावती फाडत होतो. वर बघतो तर मामा ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसलेले. "कुठे निघालात?"

"कल्याणला. लेक पहिल्यांदा सासरी जाताना पाठराखणीला कोण नको?"

"मामा, भंगारात चाललीय ती."

"म्हणूनच," मामा म्हणाले, आणि टेम्पो गेला.

संध्याकाळी मी मुरबाडच्या स्टँडवर मुद्दाम थांबलो. मामा कल्याणच्या एसटीतून उतरले. दिवसभर चिडवायला म्हणून काय काय जमवून ठेवलं होतं मी, ते सगळं सोडून मी रुमालानं बाक पुसला.

"मी होतो तवर हातोडा लावू दिला नाय," ते म्हणाले. मग बाकावर बसले. माझ्याकडे बघून विचारलं, "शेठला खरं सांगितलं, ते बरोबर केलं ना मी?"

"अगदी बरोबर केलंत, मामा."

"हां. मला पण तसंच वाटतंय." त्यांनी तळहात उलटेसुलटे करून बघितले. "मग असं का होतंय, जावईबापू?"

मी दोन चहा सांगितले आणि त्यांच्या शेजारी बसलो.