तात्यांची पाचगणी

कॅरव्हॅनचे सगळे नळ घट्ट बंद करायचे, आम्हाला गप्प बसायला सांगायचं आणि पलंगाखालच्या फळीला कान लावून आडवं व्हायचं, हे आमच्या शेजारच्या तात्यांचं रोज संध्याकाळचं काम होतं. नळ बंद असतानाही पंप मध्येच घुर्र करून थांबला, की ते पडल्या पडल्याच म्हणायचे, "कुटंतरी गळतंय. दाब उतरल्याबिगार ह्यो उगं बोलत न्हाई." मग कोरडं फडकं घेऊन नळीचा एकेक जोड पुसत बसायचे. फडकं जिथं ओलं होईल तिथं पाना लावायचा.

तात्या फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आटपाडीत आमच्या भिंतीला लागून घर बांधलं आणि लोणंदच्या एका ओळखीच्या माणसाकडून ही जुनी कॅरव्हॅन आणली. जीपच्या मागे जोडायची, चाकांवरची एक खोली. आत पलंग, शेगडी, लहानसं बेसिन, पलंगाखाली पाण्याची टाकी आणि ते पाणी नळाला चढवणारा बॅटरीवरचा पंप. धनगराचं बिऱ्हाड पुन्हा निघालं, असं गावातले लोक हसून म्हणत. तात्यांना त्याचा राग येत नसे. "निघालंय खरं," ते म्हणत, "पर आता नळासकट."

त्या नळाचं कारण मला पुढे कळलं. लग्नानंतर तात्या फौजेत गेले आणि शेवंताकाकू सासरच्या मेंढरांमागं चालत राहिल्या. तळ पडला की बाकीची माणसं पाय पसरून बसायची. धाकटी सून म्हणून काकू हंडा घेऊन पाणी हुडकायला निघायच्या. तात्या तेव्हा सरहद्दीवर. "हिनं किती पानी व्हायलं ते मी बगितलंबी न्हाई," असं ते मला एकदा म्हणाले. आता तिला फिरवायचं, पण तिनं नुसता नळ सोडायचा, हे त्यांनी स्वतःशीच ठरवलं होतं. काकूंनी असलं काही मागितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी थंडीत आम्ही पाचगणीला गेलो. कॅरव्हॅन एका मोकळ्या जागेत, दरीच्या काठाशी उभी केली. मी आणि माझी बायको मालती आमच्या गाडीनं गेलो आणि शेजारीच खोली घेतली. पोचल्यावर काकूंनी नळ सोडला. नळ खोकला, थोडी हवा सोडली आणि कोरडाच राहिला. टाकी भरलेली, पंप एकसारखा फिरतोय, पण पाणी येत नव्हतं. तात्यांनी कोट काढला आणि पलंगाखाली शिरले.

त्यांनी बॅटरी तपासली, तारांची टोकं खरवडली, पंप उघडून आतलं रबर पाहिलं. दरम्यान काकूंनी जागामालकाच्या नळावरून कॅन भरून आणला आणि चहाला आधण ठेवायला निघाल्या. तात्यांनी बाहेर येऊन तो कॅन त्यांच्या हातातून काढून घेतला. "तू पानी व्हायचं न्हाईस, सांगितलंय न्हवं?" काकू खुर्ची घेऊन दरीकडे तोंड करून बसल्या. मालती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं विरत होतं, तेव्हा काकूंनी तात्यांना हाक मारली, "आवं, भाईर या की. समदं दिसाय लागलंय."

"आलोच. येवढा जोड बगतो."

दुपारून पुन्हा बोलावलं. मग बोलावलं नाही.

निघायच्या दिवशी दोष सापडला. टाकी आणि पंप यांच्यामध्ये एक गाळणी असते. तिच्या झाकणाखालचा वायसर घाटातल्या धक्क्यांनी सरकला होता आणि पंप पाण्याऐवजी तिथून हवा ओढत होता. तात्यांनी वायसर बसवला, झाकण हातानंच आवळलं. नळाला धार लागली. काकूंनी धारेखाली हात धरला, ओला हात तोंडावरून फिरवला आणि "गार हाय" म्हणाल्या. तात्या एवढे खूश मी कधी पाहिले नव्हते. लगेच आम्ही सामान आवरलं.

पुढच्याच उन्हाळ्यात काकूंना कावीळ झाली. सांगलीच्या दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही; काकू गेल्या.

त्यानंतर एकदा ओट्यावर बसले असताना तात्यांनी मालतीला विचारलं, शेवंता पाचगणीला दरीकाठी बसून काय बघत होती. मालतीनं सांगितलं, खाली वाईच्या बाजूनं मेंढरं कोकणाकडे न्यायची वाट होती. काकूंना ती वरून ओळखू आली होती. कुठं तळ पडायचा, कुठं पाणी लागायचं, ते तुम्हाला दाखवायचं होतं.

तात्या हाताच्या तळव्याकडे बघत राहिले. "म्हनून हाक मारत हुती," म्हणाले.

पुढं त्यांच्या मुलानं त्यांना पुण्याला राहायला बोलावलं. कॅरव्हॅन विकून झाली होती. जायच्या आधी मला एकदा पाचगणीला त्या जागी न्या, एवढंच त्यांनी आमच्याकडे मागितलं. आम्ही नेलं. हवा स्वच्छ होती, खालचं सगळं खोरं उघडं पडलं होतं. तात्या काठावर उभे राहिले.

"कंची वाट, पोरी?"

मालती बराच वेळ पाहत होती. खाली पायवाटा पुष्कळ होत्या. काकूंनी बोट कुणीकडे केलं होतं, ते तिला आता नेमकं आठवेना. तिनं तसं सांगितलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"ऱ्हाऊ दे," तात्या खाली बसत म्हणाले. "समद्याच बगतो."